पेढीच्या किल्ल्या कोणाकडे?

छोट्या व्यावसायिकाचा पैसा आज मुख्यतः चार वाटांनी हलतो. बँकेत नोंदवलेला मोबाईल क्रमांक, व्यवहाराचा ई-मेल, जीएसटी व आयकराची लॉगिन आणि डिजिटल सहीचे टोकन या त्या चार वाटा. मोठ्या कंपनीत त्या वेगवेगळ्या खात्यांकडे असतात आणि त्यांवर लक्ष ठेवायला पगारी माणसे असतात. अडत पेढी, छापखाना, औषधाचे दुकान किंवा दहा-बारा यंत्रमागांचा कारखाना यांच्याकडे असे कोणी नसते. तिथे मालकाच्या खिशातला फोन हाच खजिना असतो. त्याच फोनवर नातेवाइकांच्या लग्नाची आमंत्रणे येतात आणि त्याच फोनवर लाखोंच्या व्यवहाराचा ओटीपी येतो. म्हणून अशा व्यवसायात मालकाची वैयक्तिक सुरक्षा आणि धंद्याची सुरक्षा वेगळी काढता येत नाही.

सायबर फसवणुकीत देशातल्या नागरिकांनी २०२४ मध्ये गमावलेली रक्कम केंद्र सरकारने संसदेत २२,८४५ कोटी रुपये सांगितली. आदल्या वर्षी हीच रक्कम ७,४६५ कोटी होती. एका वर्षात झालेली ही तिप्पट वाढ पाहूनही या प्रश्नावर व्यापारी वर्गात दोन मते ठामपणे मांडली जातात. एक मत सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची अडत करणाऱ्या पिढीजात व्यापाऱ्याचे समजावे. दुसरे त्याच्या पुतणीचे. ती त्याच गावात करसल्लागार आहे आणि पेढीची जीएसटी विवरणपत्रे तीच भरते. दोघे एका घरातले असल्याने बोलण्यात आडपडदा नाही.

व्यापारी : आमच्या पेढीत येऊन चोराला मिळणार काय? कॉसमॉस बँकेतनं चौऱ्याण्णव कोटी गेले, तिथं घबाड होतं. इथं पोत्यांची थप्पी आहे.

पुतणी : कॉसमॉसवर आलेल्यांनी ती बँक हेरली होती, आप्पा. तुमच्याकडे येणारा तुम्हाला हेरतसुद्धा नाही. तो हजारो फोनवर एकच फाईल पाठवतो आणि कोण उघडतंय ते बघतो. यार्डातल्या एकानं उघडली की त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना ती त्याच्याच नावानं जाते.

कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी झाला. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले आणि १३ कोटींहून जास्त रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली. त्यामागे मोठी आखणी होती. छोट्या व्यावसायिकावरच्या हल्ल्याला आखणी लागत नाही. व्हॉट्सॲपवर ‘वाहतूक चलन’ किंवा ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची, शेवटी ‘एपीके’ असलेली फाईल येते. ती उघडली की फोन एसएमएस वाचण्याची परवानगी मागतो. पत्रिका वाचायला एसएमएसची परवानगी कशाला, हा प्रश्न त्या क्षणी सुचत नाही आणि बोट ‘परवानगी द्या’ वर पडते. तेव्हापासून फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडे पोहोचतो.

शिवाय लक्ष्य दुसरेच कोणी असले तरी नुकसान आपल्याला होऊ शकते. २७ जून २०१७ रोजी पसरलेला ‘नॉटपेट्या’ हा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून बाहेर पडला. तो मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांत शिरला आणि न्हावाशेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तिथे कंटेनर अडकलेल्या निर्यातदारांचा युक्रेनवरच्या त्या हल्ल्याशी काडीचाही संबंध नव्हता.

व्यापाऱ्याच्या पहिल्या आक्षेपाला इथे उत्तर मिळते. त्याचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे.

व्यापारी : बरं, मान्य. पण धंदा विश्वासावर चालतो. निजामाबादच्या पेढीशी वडिलांपासूनचा व्यवहार आहे. त्यांचं बिल आलं की पैसे जातात. दर वेळी फोन करून ‘हे खातं तुमचंच का’ म्हणून विचारलं तर समोरचा काय समजेल?

पुतणी : दर वेळी कोण विचारा म्हणतंय? खातं बदललं तरच विचारा. आणि बिलावर छापलेल्या नंबरवर विचारू नका. तुमच्या जुन्या वहीत जो नंबर आहे, त्याच्यावर विचारा.

हा मुद्दा सविस्तर पाहायला हवा, कारण व्यापारी पेढीचे सर्वांत मोठे नुकसान याच वाटेने होते. समजा अठरा लाखांच्या हळदीचा सौदा झाला आहे आणि ट्रक निघाला आहे. दुसऱ्या दिवशी मेल येतो. सोबतच्या बिलावर लेटरहेड तेच, शिक्का तोच, पोत्यांची संख्या, वजन आणि ट्रकचा क्रमांकही बरोबर. फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी एवढी एकच ओळ बदललेली असते. मेलमध्ये दोन वाक्ये असतात : ‘ऑडिटमुळे आमचे जुने खाते तात्पुरते बंद आहे. कृपया आजच वरील खात्यावर आरटीजीएस करावे.’

चोराला ट्रकचा क्रमांक ठाऊक असतो, कारण दोघांपैकी एकाचा मेल तो कित्येक दिवसांपासून वाचत असतो. चोरलेल्या पासवर्डने आत शिरल्यावर तो काहीच उचलत नाही. सेटिंगमध्ये जाऊन येणाऱ्या मेलची प्रत आपल्याकडे यावी अशी सोय करून ठेवतो आणि मोठ्या बिलाची वाट पाहतो. ही सोय पासवर्ड बदलल्यावरही तशीच राहते, म्हणून संशय आल्यावर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. मेलच्या सेटिंगमधला ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ हा भाग उघडून पाहावा लागतो. अनेकदा मेल मूळ पत्त्यावरून येतही नाही. पत्त्यात एक अक्षर पुढेमागे केलेले असते आणि फोनच्या लहान पडद्यावर ते दिसत नाही. हा प्रकार भारतापुरता नाही. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये अशा मेल-फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतली रक्कम २.९ अब्ज डॉलर होती.

आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते. सोबत लिहिलेले नाव जुळत नाही म्हणून ती अडत नाही, आणि हे बऱ्याच व्यापाऱ्यांना पैसे गेल्यावरच कळते. ही त्रुटी भरून काढायला रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत एक सोय द्यायला सांगितली. खाते क्रमांक आणि आयएफएससी भरताच खातेदाराचे बँकेतले नाव पडद्यावर दिसते. नेटबँकिंगमध्ये आणि शाखेतही ही सोय आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. निजामाबादच्या पेढीऐवजी दुसऱ्याच कोणाचे नाव दिसले तर तिथेच थांबता येते. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. त्यामुळे शनिवारी रात्री ‘आजच पाठवा’ असा मेल आला तर पैसे लगेच जातात, आणि चौकशीला बँकेची शाखा मात्र सोमवारी उघडते.

व्यापारी : नाव बघून घेईन, त्यात काही जात नाही. पण फोनचं तेवढं जड जातं बघ. मोठी माणसं आहेत ती.

पुतणी : मग नियम तुम्हीच आधी तुमच्यावर लावा. आपल्या पट्टीवर, बिलावर छापून टाका : ‘आमचे खाते बदलल्यास फोनवर खात्री केल्याशिवाय रक्कम पाठवू नये.’ तुम्ही छापलंत की समोरच्याला विचारायला तुम्हालाही अवघड वाटणार नाही.

व्यापाऱ्याची भीड खोटी नाही. बाजारपेठेत शब्दाला किंमत असते आणि खात्री करून घेणे हा समोरच्याला अविश्वास वाटू शकतो. पण नियम सर्वांना सारखा आणि आधीच जाहीर असेल, तर त्यात कोणा एकाचा अपमान राहत नाही. पुतणीचा हा उपाय फुकटचा आहे आणि या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाचाही आहे.

पट्टीचा, म्हणजे पेढीच्या विक्री-हिशेबाच्या कागदाचा, विषय निघाला तर तिच्या माथ्यावर काय छापलेले असते तेही पाहावे. पेढीचे नाव, मालकाचा मोबाईल, बँकेचे खाते, आयएफएससी आणि जीएसटी क्रमांक. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. पेढी एकट्याच्या मालकीची असेल तर तो मालकाचा स्वतःचा पॅन. म्हणजे आठवडी बाजारात वाटल्या जाणाऱ्या कागदावर पॅन, फोन आणि खाते तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. कायद्याने जीएसटी क्रमांक छापावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण ज्याला पॅन माहीत आहे तो बँकेचाच माणूस, हा समज मात्र टाकून द्यावा लागतो. जन्मतारीख, गाडीचा नंबर किंवा पॅन यांवरून केलेला पासवर्डही मग पासवर्ड राहत नाही.

व्यापारी : मग काय, फोन नंबरसुद्धा छापायचा नाही? गिऱ्हाईक बोलवायचं कसं?

पुतणी : तो नंबर छापा. बँकेत दुसरा ठेवा. दुसरं सिम घ्या, साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला आणि तो फोन पेढीच्या कपाटात राहू द्या. त्याच्यावर व्हॉट्सॲप नाही, एपीके उघडायची सोय नाही. संगणकावरून आरटीजीएस करताना ओटीपी तिथं येईल. यूपीआयला छोटं वेगळं खातं ठेवा, त्यात लागेल तेवढेच पैसे.

व्यापारी : आणि तो फोन बंद पडला तर?

पुतणी : बंद पडला तर कळेल तरी. आता तुमचा नंबर दुसऱ्याच्या हातात गेला तर तुम्हाला वाटेल रेंज गेली.

मोबाईल क्रमांक चोरण्याच्या प्रकारात चोर खोट्या कागदांवर त्याच क्रमांकाचे दुसरे सिम काढतो, किंवा फोनवर गोड बोलून ई-सिम सुरू करण्याची संमती मिळवतो. नवे सिम सुरू झाले की जुने मुके होते. यावर दूरसंचार खात्याने सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम केला, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस दुसऱ्या कंपनीत क्रमांक नेता येत नाही. या दोन नियमांनी मालकाला थोडा अवधी मिळतो, पण रेंज अचानक गेल्यावर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारले तरच तो उपयोगी पडतो. आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि अनोळखी क्रमांक दिसल्यास तिथेच कळवता येतो. व्हॉट्सॲपला सहा अंकी दुहेरी पडताळणीचा पिन लावायला दोन मिनिटे लागतात. तो नसेल तर फोनवर आलेला एक कोड कोणाला सांगितला की खाते हातचे जाते, आणि मग व्यापाऱ्याच्या नावाने साऱ्या पेठेत उसने पैसे मागितले जातात.

यानंतरचा मुद्दा घरातला आहे आणि म्हणूनच अवघड आहे.

व्यापारी : तू एवढं सांगतेस, पण माझं डिजिटल सहीचं टोकन तुझ्याच ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. जीएसटीच्या लॉगिनला मोबाईल तुझ्या असिस्टंटचा. ई-मेल तुझा. मग?

पुतणी : म्हणूनच सांगतेय. माझ्या ड्रॉवरमध्ये तसली पन्नास टोकनं आहेत, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी आणि पिन. सोय माझी आहे, आप्पा. जोखीम तुमची.

व्यापारी : तुझ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

पुतणी : माझ्यावर ठेवा. पण माझ्याकडचा मुलगा उद्या नोकरी सोडून गेला, त्याचा नंबर त्याच्याबरोबर गेला, तर तुमचा ओटीपी कुठं जाईल?

करसल्लागाराकडे सगळी लॉगिन सोपवण्याची पद्धत जीएसटी आल्यापासून पक्की झाली. महिन्याच्या अखेरीस प्रत्येक ग्राहकाला फोन करून ओटीपी विचारत बसण्यापेक्षा आपलाच क्रमांक नोंदवणे सल्लागाराला सोपे जाते, आणि मालकालाही त्यात सुटका वाटते. पण ज्याच्या हाती लॉगिन आहे तो न झालेली विक्री विवरणपत्रात दाखवू शकतो. त्या खोट्या बिलांवर तिसराच कोणी कराची वजावट घेतो आणि कराची नोटीस मात्र ज्याच्या नावाने नोंदणी आहे त्याला येते. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या संकेतस्थळांवर १ एप्रिल २०२५ पासून सर्व करदात्यांना दुहेरी पडताळणी बंधनकारक झाली. ही पडताळणी दुसऱ्याच्याच फोनवर होत असेल तर मालकाला तिचा काहीही उपयोग नाही.

हे दुरुस्त करणे वाटते तितके किचकट नाही. जीएसटी नोंदणीतला अधिकृत व्यक्तीचा मोबाईल आणि ई-मेल ‘नॉन-कोअर’ दुरुस्तीत बदलता येतो. नव्या क्रमांकावर ओटीपी येतो आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीची गरज लागत नाही. जुन्या सल्लागाराने लॉगिनच द्यायचे नाकारले, तर आपल्या भागातल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखीची कागदपत्रे घेऊन गेल्यावर तो मोबाईल आणि ई-मेल बदलून देतो.

टोकनची गोष्ट आणखी गंभीर आहे. निर्यात, निविदा किंवा कंपनीची कामे असणाऱ्या व्यावसायिकाला ते लागते. दिसायला पेन ड्राइव्ह, पण माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार त्यावरून केलेली सही हाताने केलेल्या सहीइतकीच बांधते. याच कायद्याचे कलम ४२ सांगते की सही ज्याच्या नावाची आहे त्याने ती आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्यावी, आणि ताबा सुटल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवावे. टोकन विकत घेताना आलेला मूळ पिन बदलण्याचे कष्टही बहुतेक जण घेत नाहीत. पेढीच्या लोखंडी तिजोरीची किल्ली कोणी मालक पन्नास किल्ल्यांच्या खोक्यात, नावाची चिठ्ठी लावून, परक्या टेबलात ठेवणार नाही. टोकनही त्याच तिजोरीत असायला हवे. सही लागेल त्या दिवशी ते घेऊन जावे किंवा मालकासमोर वापरावे. यात सल्लागाराची गैरसोय होते हे खरे, पण पुतणीने ती स्वतःहून पत्करली आहे आणि तिचे म्हणणे बरोबर आहे.

व्यापारी : टोकन आणतो. पण दिवाणजींचं काय करू? तीस वर्षं आहेत. बँकेचा पासवर्ड त्यांच्याकडंच असतो. काढून घेतला तर म्हातारा माणूस मनाला लावून घेईल.

पुतणी : काढून घेऊ नका, त्यांचा त्यांना वेगळा करून द्या. बँकेत अर्ज द्या. दिवाणजी व्यवहार भरतील, तुम्ही मंजूर कराल. उद्या काही कमी-जास्त झालं तर पोलीस आधी कुणाला विचारतील? पासवर्ड दोघांचा एकच असेल तर तुम्हाला त्यांची बाजू घेतासुद्धा येणार नाही.

एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे ही पद्धत व्यवसायाच्या नेटबँकिंगमध्ये बऱ्याच बँका देतात, फक्त ती मागून घ्यावी लागते. रोजच्या रकमेची कमाल मर्यादाही ठरवून घेता येते. हंगामात ती वाढवावी, एरवी खाली ठेवावी. वेगवेगळ्या लॉगिनचा पहिला लाभ प्रामाणिक नोकराला होतो, कारण कोणते काम कोणी केले याची नोंद राहते. ही गोष्ट नोकराला नीट समजावून सांगितली तर मन दुखावण्याचा प्रश्न उरत नाही.

पासवर्डबाबत दोघांचे मत शेवटी जुळते, ते थोड्या अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितले की पासवर्ड लांब असणे महत्त्वाचे आहे. दर महिन्याला तो बदलायला लावणे आणि त्यात चिन्हांची सक्ती करणे यातून फारसे साधत नाही, माणसे फक्त शेवटचा अंक बदलत राहतात. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी चांगला पासवर्ड होतो.

व्यापारी : लक्षात कोण ठेवणार? मी वहीत लिहून ठेवतो.

पुतणी : ठेवा. वही तिजोरीत ठेवा म्हणजे झालं. परदेशातल्या चोराला तुमची वही दिसत नाही. संगणकाच्या काचेवर चिठ्ठी तेवढी चिकटवू नका. आणि मेलचा पासवर्ड दुसरीकडं कुठंही वापरू नका.

मेलवर तिचा भर आहे, कारण बाकी बहुतेक ठिकाणचा ‘पासवर्ड विसरलो’ हा निरोप मेलवरच येतो. मेल गेला की बाकी सगळे ओळीने जाते. त्याला दुहेरी पडताळणी सर्वांत आधी लावायला हवी.

संगणकाविषयी थोडक्यात सांगता येते. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी अनेक पेढ्यांत तेच चालू आहे, आणि काही ठिकाणी त्याची प्रतही चोरीची. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातले संगणक कुलूपबंद केले, तेव्हा ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. टॅलीतला सारा हिशेब एका आकडी नावाच्या फोल्डरमध्ये असतो. त्याची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो पेन ड्राइव्ह संगणकालाच लावून ठेवणे ही यार्डात सर्रास दिसणारी चूक आहे. खंडणी मागणारा विषाणू जोडलेला पेन ड्राइव्हही कुलूपबंद करतो. प्रत काढून घरी न्यावी, आणखी एक दुसरीकडे असावी आणि वर्षातून एकदा ती उघडते का ते पाहावे. सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा दुरून संगणक हाताळण्यासाठी एनीडेस्कसारखे ॲप वापरतो. त्याला काम सांगायला हरकत नाही, पण काम होताच ते बंद करावे, आणि ते चालू असताना बँकेचे पान उघडू नये. बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो. दुसऱ्या शेवटाचे पान दिसले तर तिथे पासवर्ड भरू नये.

शेवटचा वाद नुकसान कोणी सोसायचे याचा आहे.

व्यापारी : एवढं सगळं मीच करायचं? बँक कशाला आहे मग? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तीन दिवसांत कळवलं की पैसे परत.

पुतणी : नियम आहे. तो कशाला लागू होतो ते वाचलंत का?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार पडत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरीही त्याचे दायित्व शून्य असते. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवल्यास सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या चालू किंवा कॅश क्रेडिट खात्याला कमाल १०,००० रुपयांचा भार सोसावा लागतो. ओटीपी किंवा पासवर्ड ग्राहकानेच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. हे संरक्षण ‘अनधिकृत’ व्यवहारांना आहे. खाते बदललेल्या बिलावर मालकाने स्वतःच्या हाताने केलेला आरटीजीएस अनधिकृत ठरत नाही. जिथे सर्वांत मोठी रक्कम जाते तिथेच हा नियम हात देत नाही. व्यापाऱ्याची मागणी न्याय्य आहे, बँकांनी अधिक जबाबदारी घ्यायलाच हवी. पण ती घेईपर्यंत बदललेल्या खात्याची खात्री करण्याचे काम मालकाचेच राहते.

याच्या उलटही घडते. चोरीचा पैसा एखाद्या गिऱ्हाइकाच्या हातून पेढीच्या खात्यात येतो आणि पोलिसांच्या सूचनेवरून ती रक्कम किंवा कधी पूर्ण खाते गोठवले जाते. मालकाने केलेले काहीच नसते, तरी पट्ट्यांचे पैसे अडकतात. अशा वेळी सौद्याचे बिल, ई-वे बिल आणि वजनाची चिठ्ठी हाताशी असेल तर बाजू मांडता येते. म्हणून माल घेणाऱ्याने तिसऱ्याच कोणाच्या खात्यावरून पैसे पाठवले, तर ते कोणाचे हे बिलावर लिहून घ्यायला हवे.

पैसे गेल्याचे कळताच १९३० हा राष्ट्रीय क्रमांक फिरवावा आणि सरकारी सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. चोरलेली रक्कम काही तासांत खात्यामागून खात्यात फिरते. ती एखाद्या खात्यात असतानाच तक्रार पोहोचली तर तिथे अडवता येते. बँकेला वेगळे लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. बँकेशी किंवा इतर कोणाशी भरपाईचा वाद उरला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे पाच कोटींपर्यंतचा दावा करता येतो. तिथे भावना चालत नाहीत, नोंदी चालतात. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, १९३० वर फोन केल्याची वेळ, तक्रारीचा क्रमांक, आलेला मूळ मेल आणि बँकेची पोच या पाच गोष्टी पहिल्याच दिवशी एका जागी जमवून ठेवाव्यात, आणि मूळ मेल कोणत्याही परिस्थितीत पुसू नये.